एका प्रतिज्ञापत्राची पूर्वपीठिका

महाविद्यालयीन प्रवेशाच्या हंगामात घरोघरी ज्या कागदांची जुळवाजुळव होते, त्यांत एक कागद गेल्या पंधरा-सोळा वर्षांत नव्याने दाखल झाला आहे. जन्मतारखेचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला ही मंडळी जुनीच. त्यांच्या जोडीला आता विद्यार्थ्याने आणि पालकाने प्रत्येकी स्वतंत्रपणे असे लिहून द्यावयाचे असते की, रॅगिंग कशास म्हणतात हे आपण वाचले आहे, त्याची शिक्षा आपणांस ठाऊक आहे, आणि आपल्या अथवा आपल्या पाल्याच्या हातून ते घडणार नाही. आमच्या पुतण्याच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, तेव्हा हा मजकूर संगणकावर भरण्याचे काम आमच्याकडे आले. पुतण्या दौऱ्यावर होता, आणि सरकारी नमुने भरण्यात आमचा हात बसलेला आहे असा घरात समज आहे. मजकूर वाचता वाचता मुलीने विचारले, "आजोबा, मी तर अजून कॉलेज बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडून हे आधीच कशाला लिहून घेतात?"

प्रश्न रास्त होता. अपराध घडण्यापूर्वीच, आणि तोही सरसकट सर्वांकडून, न करण्याची हमी घेण्याचे प्रसंग आपल्या कायद्यात फार थोडे आहेत. त्या थोड्यांत विद्यार्थ्यांची गणना कशी झाली, याचा शोध घेताना आम्हांस जे सापडले ते सदस्य-वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नवागताची चेष्टा ही गोष्ट विद्यापीठांइतकीच जुनी आहे, आणि तिच्यावर बंदी घालणारे फर्मानही तितकेच जुने. इ. स. ५३३ मध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन याने कायद्याच्या शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम घालून दिला. त्या आज्ञापत्रात एक परिच्छेद असा आहे की, राजधानी कॉन्स्टँटिनोपल व बैरूत येथील विद्यार्थ्यांनी नवीन सोबत्यांची हीन, दासांनाच शोभावी अशी थट्टा करू नये. असली थट्टा म्हणजे अपराधच होय, असा त्याचा आशय. बैरूतमध्ये अंमलबजावणी कोणी करावी तेही सम्राटाने सांगितले आहे : प्रांताधिकारी, तेथील बिशप आणि कायद्याचे अध्यापक. आयुष्य सरकारी कारभारात गेल्याने आम्हांस या तपशिलाचे विशेष कौतुक वाटले. जबाबदारी तिघांवर टाकली की ती कोणावरच राहत नाही, हा अनुभव दीड हजार वर्षांपूर्वीही आला असेल काय? त्याच आज्ञापत्रात आणखी एक बारीक गोष्ट आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तोवर दोन दिडक्यांच्या नाण्यावरून पडलेले एक टोपणनाव होते, म्हणजे आपल्या बोलीत 'दोन दिडक्यांचे'. सम्राटाने ते नाव रद्द केले आणि यापुढे त्यांना 'नवे जस्टिनियन' म्हणावे, असे फर्मावले. थट्टेचा प्रारंभ नाव ठेवण्यापासून होतो, हे त्याच्या लक्षात आले होते.

पुढे जर्मन विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर शिंगे बांधून ती कापण्याचा एक विधीच रूढ झाला. ग्रामीण पशूचा सुसंस्कृत मनुष्य करावयाचा, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत नौदलाच्या प्रबोधिनीतील छळाविरुद्ध तेथील काँग्रेसने १८७४ साली कायदा केला, न्यूयॉर्क राज्याने १८९४ मध्ये केला, आणि सबंध देशाला लागू होणारा कायदा मात्र डिसेंबर २०२४ मध्ये झाला. तोही शिक्षेचा नव्हे, तर महाविद्यालयांनी अशा घटनांची आकडेवारी जाहीर करण्याविषयीचा. आपल्याकडे ही प्रथा इंग्रजी वसतिगृह-शाळा, सैनिकी विद्यालये आणि पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या वाटेने आली. शब्दही तेथलाच. मराठीने त्यासाठी स्वतःचा शब्द घडविला नाही. संस्कृतात एका गुरूपाशी शिकणाऱ्यांना 'सतीर्थ्य' असा सुंदर शब्द आहे. सतीर्थ्याने सतीर्थ्याचा छळ करावा, यासाठी शब्द करण्याचे प्रयोजन पडले नाही, असे म्हणून आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. पण गुरुगृहाचे दार कोणास उघडे होते आणि कोणास बंद होते हे आठवले की तो मोह आवरावा लागतो.

स्वतंत्र भारतात कित्येक दशके या विषयावर कायदा नव्हता. भारतीय दंड संहितेत दुखापत, गैरवाजवी अडवणूक, धाकदपटशा यांची कलमे होती, पण ती वसतिगृहाच्या फाटकाबाहेर थांबत. प्राचार्यांनी बोलावून कानउघाडणी करावी, फार झाले तर दंड करावा, पालकांनी 'यानेच मुलगा धीट होतो' म्हणावे, असा एकूण रिवाज होता. आम्ही स्वतः १९७६ मध्ये हैदराबादेतील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात दाखल झालो. वडिलांची नोकरी निजामाबादेस असल्याने आपल्याच गावी वसतिगृहात राहण्याची वेळ आली होती. पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडून रात्री दोनपर्यंत उठाबशा काढून घेतल्या गेल्या, आणि आमच्या तेलुगूवरील मराठी हेलांची नक्कल आम्हांसच पुनःपुन्हा करावी लागली. याची तक्रार करावी असे मनातही आले नाही. कोणाकडे आणि कशाखाली करणार?

पुढल्या वर्षाची गोष्ट लिहिणे अवघड आहे, पण ती वगळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७७ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्याकडचा एक मुलगा वसतिगृहात आला. मराठी माध्यमातून शिकलेला, आमच्याच भाषेचा. त्याच्या इंग्रजी उच्चारांवर खोली भरून हशा पिकत असे. आम्ही तिघे-चौघे दर रात्री त्याला खुर्चीवर उभा करून पाठ्यपुस्तकाचे पान मोठ्याने वाचावयास लावीत असू, आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अंगाला कोणी हात लावला नाही, आणि म्हणूनच आपण काही वावगे करीत आहो असे वाटले नाही. तीन आठवड्यांनी त्याची खाट रिकामी दिसली. 'घरची आठवण येत होती,' असे कोणीतरी सांगितले व आम्ही ते मानले. मराठीपायी झालेला आपला अपमान आम्ही एका मराठी मुलावर उतरविला होता, हे ध्यानात यावयास आम्हांस बरीच वर्षे लागली.

कायद्याच्या इतिहासाला खरी कलाटणी मिळाली ती तमिळनाडूत. ६ नोव्हेंबर १९९६ रोजी चिदंबरम येथील अण्णामलै विद्यापीठाच्या राजा मुथय्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पोन नवरसु याचा वसतिगृहात खून झाला. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले प्रा. पी. के. पोन्नुस्वामी यांचा तो मुलगा. मृतदेहाचे जे केले गेले त्याचे वर्णन येथे करीत नाही. त्या काळची वर्तमानपत्रे ज्यांनी वाचली त्यांना ते विसरणे शक्य नाही. आरोपी त्याच महाविद्यालयातील वरच्या वर्गाचा विद्यार्थी होता. कडलूरच्या सत्र न्यायालयाने त्यास १९९८ मध्ये जन्मठेप दिली, मद्रास उच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्दोष सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सुटका रद्द करून जन्मठेप कायम केली. घटनेपासून अखेरच्या निकालापर्यंत चौदा वर्षांहून अधिक काळ गेला.

कायद्याला मात्र इतका वेळ लागला नाही. तमिळनाडूचा रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम १९९७ सालचा आहे. दोन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शाबीत झाल्यास महाविद्यालयातून काढून टाकणे, आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखास अपराधाला साहाय्य केल्याचे समजून तीच शिक्षा. या चौकटीवर पुढे इतर राज्यांनी आपापले कायदे बेतले. येथे थोडे थांबून म्हणावेसे वाटते की, तोवर वसतिगृहांतून अनेक मुले गेली होती, काही घरी परतली होती, काही परतलीच नव्हती. कुलगुरूंच्या घरी प्रेत जावे तेव्हा विधिमंडळाला जाग यावी, हे कारभाराच्या दृष्टीने समजण्याजोगे असले तरी अभिमानास्पद नाही.

त्याच वर्षी अविभक्त आंध्र प्रदेशाने १९९७ चा सव्विसावा अधिनियम केला. आम्ही तेव्हा सचिवालयात होतो. मसुद्याशी आमच्या शाखेचा संबंध नव्हता, परंतु राजपत्राची प्रत टेबलावर आली ती आम्ही दोनदा वाचली. २०१४ च्या राज्यविभाजनानंतर तोच अधिनियम तेलंगणातही चालू राहिला, म्हणून हैदराबादच्या वाचकांना तो अधिक जवळचा. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने सर्व प्रकारांना एकच शिक्षा ठेवली नाही, पायऱ्या केल्या. चिडविणे, लाजविणे, मानखंडना करणे यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. बळाचा वापर अथवा धमकी असल्यास एक वर्ष वा दोन हजार. अडवून अथवा कोंडून ठेवणे वा दुखापत करणे यास दोन वर्षे वा पाच हजार. जबर दुखापत, अपहरण, बलात्कार अशा कृत्यांस पाच वर्षे व दहा हजार. आणि मृत्यू ओढवल्यास अथवा आत्महत्येस प्रवृत्त केल्यास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास, शिवाय पन्नास हजारांपर्यंत दंड. आत्महत्येस प्रवृत्त करण्याबद्दल दंड संहितेतील कमाल शिक्षा दहा वर्षांचीच होती. म्हणजे या एका बाबतीत प्रांतिक कायदा मूळ संहितेच्याही पुढे गेला.

पायऱ्यांची ही रचना आम्हांस तमिळनाडूच्या सरसकट रचनेपेक्षा अधिक न्याय्य वाटते. गाणे म्हणावयास लावणारा आणि हाड मोडणारा यांना एकाच तागडीत घालणारा कायदा न्यायाधीशाच्या हाताला जड होतो, आणि जड झालेले हत्यार कोणी उचलीत नाही. पण याची दुसरी बाजू आम्ही नोकरीत पाहिली. पायऱ्या असल्या की तक्रार सर्वांत खालच्या पायरीवर बसविण्याकडे साऱ्यांचाच कल असतो. प्राचार्यांना संस्थेचे नाव सांभाळावयाचे, पोलिसांना तपास आटोपावयाचा, आणि तक्रारदाराच्या बापाला मुलीचे लग्न करावयाचे. संस्थाप्रमुखाला सहअपराधी धरणारे कलम कागदावर धारदार आहे, पण आमच्या सेवाकाळात त्याखाली कोणावर कारवाई झाल्याची मिसल आमच्या नजरेखालून गेली नाही.

शेजारचे चित्र असे. कर्नाटकाचा शिक्षण अधिनियम १९८३ चा म्हणून ओळखला जात असला तरी तो लागू झाला १९९५ मध्ये, म्हणजे चिदंबरमच्याही आधी. त्यात रॅगिंगची व्याख्या आहे आणि एक वर्षापर्यंत कैद अथवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. बेळगावकर वाचकांनी ती व्याख्या मुद्दाम पाहावी. गमतीच्या नावाखाली असो वा अन्यथा, माणसाच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणारे कृत्य करावयास लावणे म्हणजे रॅगिंग, असा तिचा रोख आहे. 'गंमत होती हो' हा बचाव व्याख्येतच मोडून काढला आहे. शिक्षा सौम्य, पण विचार पक्का. महाराष्ट्राचा कायदा १५ मे १९९९ पासून अमलात आला. तो तमिळनाडूच्या वळणाचा असला तरी त्यात दोन गोष्टी जास्त नेटक्या आहेत. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत चौकशी करण्याचे बंधन प्रमुखावर आहे, आणि दोषी ठरलेल्यास पाच वर्षे अन्यत्र प्रवेश नाही. छत्तीसगडने २००१ मध्ये आणि गोव्याने २००८ मध्ये आपापले कायदे केले.

राज्ये अशी वेगवेगळ्या चालीने चालली असताना प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा गेला, आणि या दोन निर्णयांतील अंतर हाच आमच्या मते या इतिहासाचा गाभा आहे. ४ मे २००१ रोजी विश्व जागृती मिशन या संस्थेच्या अर्जावर निर्णय देताना न्यायालयाने रॅगिंगची व्यापक व्याख्या केली व ते न रोखणे हा संस्थेचा हलगर्जीपणा ठरविला. परंतु पोलिसांच्या बाबतीत त्याचा सूर राखून होता. विद्यार्थ्यांवर पोलिसी कारवाईची वेळ अगदी अनिवार्य झाल्यावाचून येऊ नये, शिस्त राखण्याच्या कामी शिक्षकांवरचा विश्वास पुन्हा प्रस्थापित व्हावा, अशी त्यामागची भूमिका होती. आमच्या पिढीला ती भूमिका चटकन पटते. आम्ही त्याच शिक्षकांच्या हाताखाली वाढलो.

पाच-सहा वर्षांतच हा विश्वास डळमळला. केरळ विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक डॉ. आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर १६ मे २००७ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन संस्थांना पोलिसांत गुन्हा नोंदविणे बंधनकारक केले. सहा वर्षांत चक्र पुरते फिरले : २००१ मध्ये जे अपवादाने करावयाचे होते, ते २००७ मध्ये नियमाने करावयाचे झाले. रॅगिंग हा दंड संहितेत स्वतंत्र अपराध करावा ही समितीची शिफारस मात्र तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, त्या नव्या संहितेतही असे कलम नाही.

आणि आदेश होऊन दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच हिमाचल प्रदेशातील टांडा येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी वरच्या वर्गातील मुलांच्या मारहाणीनंतर ८ मार्च २००९ रोजी मरण पावला. चौघा विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०१० मध्ये चार-चार वर्षांची शिक्षा झाली. ८ मे २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिले, आणि १७ जून २००९ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम निघाले. आमच्या पुतणीच्या नातीने, चुकलो, पुतण्याच्या मुलीने ज्याविषयी विचारले ते प्रतिज्ञापत्र या विनियमांतून जन्मले आहे. प्रत्येक संस्थेत विरोधी समिती व फिरते पथक, नवागतांची शक्यतो वेगळी राहण्याची सोय, चोवीस तासांच्या आत गुन्ह्याची नोंद, अपराधी ओळखू न आल्यास सामुदायिक शिक्षा, आणि वर्ग बंद होण्यापासून ते संस्थेतून हकालपट्टीपर्यंतची दंडमालिका, हे सारे त्यात आहे. अमनचे वडील राजेंद्र काचरू यांनी मुलाच्या मागे या कामाला वाहून घेतले. देशव्यापी तक्रार-दूरध्वनी सुरू झाला तोही २००९ मध्येच.

२०१६ मध्ये आयोगाने याच विनियमांत दुरुस्ती केली. तिचा गाजावाजा झाला नाही, पण आम्ही तिला सर्वांत महत्त्वाची मानतो. रंग, वंश, धर्म, जात, लिंग, रूप, प्रदेश, भाषिक ओळख, जन्मस्थान, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ, आणि वाळीत टाकणेसुद्धा, रॅगिंग ठरले. तो नवागताचाच व्हावयास हवा असेही राहिले नाही. भाषिक ओळख हे शब्द आम्ही दोनदा वाचले. पिढ्यान्‌पिढ्या परभाषी मुलखात राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या दुरुस्तीनंतर तीन वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरने आयुष्य संपविले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांविरुद्ध त्याच वर्षी आरोपपत्र दाखल झाले. त्यात महाराष्ट्राचा १९९९ चा कायदाही आहे व अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही. कायदा होता, विनियम होते, दुरुस्तीत 'जात' हा शब्द होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत केरळातील वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तेच घडले. त्यांनीही आणि त्यांचा छळ केल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे त्यांनीही प्रवेशाच्या वेळी बहुधा हाच नमुना भरला असेल.

म्हणून कायदा व्यर्थ, असे म्हणणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही. १९७७ मध्ये खुर्चीवर उभ्या केलेल्या मुलाकडे एक कागद असता, आणि त्या कागदावर आपण भोगतो आहोत त्याला नाव असते, तर तो निदान कोणाच्या तरी दारात उभा राहिला असता. आणि आमच्या सहीचा तसलाच कागद कार्यालयात असता तर आम्ही तिघे-चौघे दुसऱ्या रात्री थांबलो असतो, असे आम्हांस वाटते. धैर्य आमच्यात फारसे नव्हते.

मुलीचा अर्ज भरून झाला, पडद्यावर नोंदणीक्रमांक आला, तो तिने वहीत उतरून घेतला. तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही तिला जस्टिनियन, चिदंबरम, टांडा एवढे सांगितले आणि मग बेल्याकडच्या मुलाचीही हकीकत सांगितली. तिने त्याचे नाव विचारले. पुष्कळ आठवून पाहिले. वसतिगृहात आम्ही त्याला ज्या नावाने हाक मारीत असू तेवढेच आठवले, आणि ते त्याचे नाव नव्हते.